सांगली ते सॅन फ्रान्सिस्को, व्हाया वारा

"किती तास लागतात हो?"

आई अमेरिकेला निघाली की गल्लीत पहिला प्रश्न हाच. किती किलोमीटर, हे आजवर कुणी विचारलेलं नाही, आणि त्यात काही चूकही नाही. आपण अंतर वेळेतच मोजतो. सांगलीहून कोल्हापूर तासा-सव्वातासाचं, पुणे साडेचार-पाच तासांचं, मुंबई रात्रभराची. ताई राहते सॅन होजेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळापासून पाऊण तासावर. तिकडे जायला किती लागतात, याचं ताईचं उत्तर सोळा-सतरा तास. ती मुंबईच्या विमानतळापासून तिकडच्या विमानतळापर्यंतचं मोजते, तेही थेट विमानाचं. आईचं उत्तर दीड दिवस. ती घराला कुलूप लावल्यापासून ताईच्या दारात चपला काढेपर्यंतचं मोजते. मला विचारलं तर मी म्हणतो, वाऱ्यावर आहे. लोकांना थट्टा वाटते.

आधी किलोमीटरचं बघू. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर साधारण १३,५०० किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर, म्हणजे जगातले कुठलेही दोन विमानतळ घेतले तरी त्यांच्यात वीस हजारांच्या वर अंतर असूच शकत नाही. त्याहून पुढे गेलात की तुम्ही दुसऱ्या बाजूने जवळ यायला लागता. या हिशेबाने ताई दोन तृतीयांश जगाइतकी लांब आहे. (मुंबईच्या अगदी पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाला, दक्षिण पॅसिफिकचं नुसतं पाणी आहे, ईस्टर बेटाच्या उत्तरेला. तिथे कुणाची मुलगी नांदत नाही, एवढं बरं.)

सरळ अंतर म्हटलं की शाळेच्या भिंतीवरचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. भारत उजवीकडे, अमेरिका डावीकडच्या टोकाला. त्यावर पट्टी ठेवली तर रस्ता अरबस्तानावरून, आफ्रिकेवरून, अटलांटिक ओलांडून जातो. हा नकाशा मुळात १५६९ साली मर्केटर नावाच्या नकाशाकाराने जहाजांच्या खलाशांसाठी आखला. होकायंत्राची एकच दिशा धरून चालणाऱ्याला तो सोन्यासारखा. अंतर आणि आकार विचाराल तर मात्र साफ फसवा. त्याच्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

भाच्याने मागच्या खेपेला इथे ठेवून दिलेला पृथ्वीचा गोल घेऊन आईने आणि मी एकदा दोरा ताणून बघितला. भरतकामाचा लाल दोरा, एक टोक मुंबईवर तिच्या अंगठ्याखाली, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर माझ्या बोटाखाली. दोरा ढिला असेपर्यंत कुठेही पडतो. ताणला की आपोआप घसरत घसरत वर सरकतो आणि एका ठिकाणी बसतो. तो बसला ते लडाखवर. तिथून तकलामकानचं वाळवंट, कझाकस्तानचा पूर्वेकडचा कोपरा, सबंध सायबेरिया, मग उत्तर महासागराचा बर्फ, अलास्का, आणि कॅनडाच्या किनाऱ्याने खाली कॅलिफोर्निया. मुंबईतून निघताना तोंड पश्चिमेला नाहीच, जवळजवळ सरळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे. आई म्हणाली, "म्हणजे काश्मीर बघून जाता येईल की."

नाही येत. सर्वांत जवळचा हा रस्ता गोलावर आहे, आकाशात कुणी तो जसाच्या तसा धरत नाही. पहिली अडचण हिमालय आणि तिबेटची. विमानातल्या हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं, म्हणजे प्रवाशांना मास्कशिवाय श्वास घेता येईल. तिबेटमध्ये जमीनच त्याच्याहून वर आहे. खाली यायचं तरी कुठे? म्हणून तो भाग शक्यतो टाळतात. शिवाय ध्रुवाकडच्या थंडीत टाक्यांमधल्या इंधनाच्या तापमानावर सतत लक्ष ठेवावं लागतं, कारण जेट ए-१ हे इंधन उणे ४७ अंशांना गोठतं, आणि त्या उंचीवर बाहेर त्याहून थंड असणं ही रोजची गोष्ट.

आता वाऱ्याकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली. विमानं अटलांटिकच्या बाजूने जात, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी बाजूच बदलली. दिल्लीहून पूर्वेकडे निघायचं आणि पॅसिफिक ओलांडून जायचं. ते अंतर भरलं १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. चौदाशे किलोमीटर म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाऊन वर आणखी थोडं. आणि वेळ? साडेचौदा तास. आधीच्या रस्त्यापेक्षा जवळपास दोन तास कमी. भागाकार करून बघितला तर सरासरी ताशी हजार किलोमीटरच्या वर जाते, आणि ते विमान काही एवढ्या वेगाचं नव्हे. उरलेला वेग वाऱ्याचा.

विमानाला जमीन ठाऊक नसते. त्याचा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत ठरतो, ताशी नऊशेच्या आसपास. ती हवाच कुठेतरी निघालेली असेल तर तिच्यासकट विमानही जातं. आपल्या डोक्यावर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद पट्टे आहेत, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपान आणि उत्तर पॅसिफिकवर ते ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरलाही पोहोचतात. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून सोडून हे वारे मोजले, आणि जगाला कळावं म्हणून अहवाल छापला तो एस्पेरांतो भाषेत! सगळ्या जगाची म्हणून बनवलेली ती भाषा जगातलं कुणी वाचत नव्हतं, त्यामुळे शोध बरीच वर्षं तसाच पडून राहिला. मला या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते.

याच वाऱ्यामुळे जातानाचा आणि येतानाचा वेळ सारखा नसतो. मुंबईहून न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला जायला साधारण सोळा तास, परतीला चौदा-साडेचौदा. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या पाठीवर बसून ब्रिटिश एअरवेजचं जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलं होतं. त्याच वादळात उलट्या दिशेने निघालेल्यांचं काय झालं, त्याच्या बातम्या होत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोची तऱ्हा आणखी वेगळी. ते आपल्यापासून इतकं पलीकडे आहे की डावीकडूनही जाता येतं आणि उजवीकडूनही. रोज संध्याकाळी वाऱ्याचा नकाशा बघून कुणीतरी ठरवतं की उद्याच्या प्रवाशांनी पृथ्वीच्या कुठल्या अंगाने जायचं.

इथे आमच्या शेजारच्या काकांचा मुद्दा घ्यायलाच हवा. ते दरवेळी म्हणतात, पृथ्वी फिरतेच आहे ना? मग विमानाने वर जाऊन नुसतं थांबायचं, बारा तासांत खाली अमेरिका येईल. काका निवृत्त शिक्षक आहेत, त्यामुळे खोडून काढायला धीर लागतो. पण महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या डब्यात बसून संत्रं वर उडवलं तर ते परत हातातच पडतं, मागच्या डब्यातल्या माणसाच्या डोक्यात पडत नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, आणि हवेबरोबर विमानही. काकांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "संत्रं ठीक आहे, पण विमानाचं बघा."

वाऱ्याइतकाच दुसरा भाग परवानगीचा, आणि तो गेल्या काही वर्षांत फार वाढलाय. आकाशाला हद्दी असतात. २०२२ साली युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्यांना बंद झालं. हेलसिंकीहून टोकियो नऊ-साडेनऊ तासांवर होतं, ते तेरा तासांवर गेलं. फिनलंडची विमानं चक्क उत्तर ध्रुवावरून वळसा घालायला लागली. हेलसिंकी तसूभर हलली नाही, टोकियोही जागच्या जागी, आणि मधे तीन-चार तास उगवले. भारतीय कंपन्यांना रशिया खुला राहिला, तर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने त्यांना आकाश बंद केलं. दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना मग व्हिएन्नाला उतरून इंधन भरावं लागायचं. मुंबईला निदान अरबी समुद्र आहे बाहेर पडायला, असं म्हणेपर्यंत जून आला, इराणचं आकाश बंद झालं, आणि मुंबईहून लंडनला निघालेलं विमान काही तास उडून पुन्हा मुंबईतच उतरलं. त्या प्रवाशांना गल्लीतल्या लोकांनी "किती तास लागले?" विचारलं असेल तर काय सांगितलं असेल!

खुल्या आकाशाचीही एक किंमत असते. ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पार पूर्वेकडे मागादानला उतरलं. २१६ प्रवासी. एवढ्या लोकांना पुरेल अशी हॉटेलं त्या गावात नव्हती, म्हणून शाळेत आणि वसतिगृहात गाद्या घालून सोय केली. मुंबईहून दुसरं विमान पाठवलं तेव्हा ८ जूनला मंडळी मुक्कामी पोहोचली. ती बातमी आली तेव्हा आई टीव्हीसमोर भाजी निवडत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, की त्या शाळेत शाकाहारी लोकांनी काय खाल्लं असेल.

अंतर वाढलं की नुसता वेळ वाढत नाही, इंधन वाढतं, आणि त्याचा हिशेब सरळ नसतो. लांब पल्ल्याचं बोइंग ७७७ पूर्ण भरून निघतं तेव्हा त्याच्या वजनात चाळीस टक्क्यांच्या आसपास नुसतं इंधन असू शकतं. शेवटच्या तासाला लागणारं इंधन आधीचे पंधरा तास उचलून न्यावं लागतं, आणि ते उचलायलाही इंधन लागतं. म्हणून जगातली सर्वांत लांबची नियमित सेवा, सिंगापूर ते न्यूयॉर्क, साधारण १५,३०० किलोमीटर आणि अठरा-साडेअठरा तास, तिच्या विमानात साधा इकॉनॉमी वर्गच ठेवलेला नाही. माणसं कमी, तिकीट महाग, तेव्हा कुठे गणित जुळतं.

अर्थात लांबचा प्रवास ही काही आजची गोष्ट नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४५, ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून श्रीलंकेतल्या कोग्गला तळ्यावर पाण्यात उतरणारी कॅटलिना विमानं जात. साडेपाच हजार किलोमीटरच्या वर अंतर आणि २७ ते ३३ तास, एका दमात. प्रवासी फार तर तीन. जपानी विमानांच्या टप्प्यातून जायचं म्हणून रेडिओ बंद, ताऱ्यांवर दिशा. वाटेत सूर्य दोनदा उगवायचा, म्हणून उतरल्यावर प्रवाशांना ‘दुहेरी सूर्योदया’चं प्रमाणपत्र देत. आता त्याच पर्थहून लंडन, म्हणजे १४,५०० किलोमीटर, सतरा-साडेसतरा तासांत होतं. आणि त्या कॅटलिनांच्याही साठ वर्षं आधी आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या, त्या न्यूयॉर्कला उतरल्या ४ जूनला. अठरा वर्षांची मुलगी, जवळचं माणूस एकही बरोबर नाही. ताई सोळा तासांना कंटाळते तेव्हा मी हे तिला ऐकवतो आणि ती फोन ठेवते.

तिकिटावरचा वेळ हाही काही निव्वळ उडण्याचा नसतो. एका गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो, धावपट्टीवरच्या रांगेसकट. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, रांग ठरलेलीच. कंपन्या हे सगळं आधीच धरून वेळापत्रक छापतात, म्हणून कधीकधी विमान "अर्धा तास लवकर" पोहोचतं आणि सगळे खूश.

आमचा प्रवास मात्र मुंबईच्या सहार विमानतळाच्या गेटवर सुरू होत नाही. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, आणि नंतर एकदा आई त्याने गेली. विमान दुपारचं, तीन तास आधी पोहोचायचं, वाटेत घाट आणि मुंबईची वाहतूक. म्हणून आदल्या रात्रीच गाडी काढली. बॅगा ओसरीवर उभ्या. हुकाच्या वजनकाट्याला लटकवून प्रत्येकी तेवीस किलोच्या आत आणलेल्या, आणि ओळखू याव्यात म्हणून मुठीला जुन्या जरीच्या काठाची पट्टी बांधलेली. त्यांतून शेवटच्या क्षणी काढलेला मेतकुटाचा एक पुडा आईने पर्समध्ये सरकवलेला मी पाहिला. पेठ नाक्याला महामार्गाला लागलो, खंबाटकीत ट्रकांच्या मागे अडकलो, पुण्याबाहेर चहा, एक्स्प्रेस वेवर झोप, आणि पनवेलपासून पुढे सावकाश. पावणेचारशे-चारशे किलोमीटरला आठ-नऊ तास. म्हणजे ज्या वेळात आम्ही सांगलीहून सहारला गेलो, तेवढ्यात विमान निम्मी अमेरिका-वाट संपवतं. लांब कोण आहे, ताई की मुंबई, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

विमानतळावर आईने व्हीलचेअर घेतली. ती रोज सकाळी आमराईला तीन फेऱ्या मारते, पायांना काही झालेलं नाही. पण खुर्ची घेतली की ढकलणारा माणूस बरोबर असतो, तो इमिग्रेशनच्या रांगेतून नेतो, तिकडे उतरल्यावर दुसरा माणूस पाटी घेऊन उभा असतो, आणि गोऱ्या अधिकाऱ्यापुढे एकटीने इंग्रजी बोलायची वेळ येत नाही. अमेरिकेच्या विमानांच्या दारात ज्या खुर्च्यांच्या रांगा दिसतात, त्यांतल्या बऱ्याच गुडघ्यांसाठी नसून भाषेसाठी असतात. काही जण यावर नाकं मुरडतात. त्यांनी एकदा आपल्या आईला एकटीला चीनमध्ये उतरवून बघावं.

तिकिटावर निघायची वेळ दुपारची आणि पोहोचायची त्याच तारखेची संध्याकाळ. आमच्या समोरच्या काकूंनी ते बघून "म्हणजे अडीच तासच की!" म्हटलं होतं. कॅलिफोर्निया आपल्या मागे असते, हिवाळ्यात साडेतेरा आणि उन्हाळ्यात साडेबारा तास. तेवढा वेळ जाताना परत मिळतो आणि येताना वसूल होतो. या साडेबारावर आईने एक तोड काढलीय, आणि ती आमच्या घरातल्या कुठल्याही ॲपपेक्षा सरस आहे. ती हातातलं घड्याळ बदलतच नाही. काट्यांच्या घड्याळात बारा तासांचा फरक दिसत नाही, उरतो अर्धा तास. ताईच्या स्वयंपाकघरात रात्रीचे नऊ वाजले की आईच्या मनगटावर साडेनऊ असतात, इथले सकाळचे. "अर्धा तास वजा कर आणि खिडकीतून बाहेर बघ, दिवस आहे की रात्र." नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं एक तास मागे जातात तेव्हा हे बिघडतं. त्याबद्दल ती सबंध अमेरिका देशावर नाराज आहे.

येताना दुबईवरून आली. दुपारी तिकडून निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी रात्री दुबईत, आणि सहारला तिसऱ्या तारखेची पहाट. मधला सबंध दिवस विमानाच्या पोटात, खिडक्या बंद, दिवे मंद. नेमकी त्या दिवशी संकष्टी होती. चंद्रोदय कुठला धरायचा, सांगलीचा, दुबईचा, की खिडकीतून दिसेल तो? तिने ताईला विचारलं, ताईने मला, मी काकांना. काका म्हणाले, जिथे देह तिथला. पण तो देह ताशी नऊशे किलोमीटरने चाललेला. शेवटी तिने घड्याळातल्या सांगलीच्या वेळेवर उपास सोडला, विमानात दिलेल्या थंड उपम्यावर, आणि वर पर्समधलं काहीतरी खाल्लं. मेतकूट नव्हतं, ते ताईकडेच संपलं होतं.

आता पुढच्या फेरीची चर्चा चालू आहे. ताईला थेट विमान हवंय. बदलाबदली नको, हरवायची भीती नको. आईला दुबई हवंय. मी किलोमीटर काढून बघितले: मुंबई–दुबई एकोणीसशे आणि दुबई–सॅन फ्रान्सिस्को तेरा हजार, एकूण पंधरा हजारांच्या आसपास. थेट रस्त्यापेक्षा जेमतेम दीड हजार जास्त, कारण गोलावर दुबई फारशी वाकडी वाट नाहीच. वेळ मात्र मधल्या थांब्याचा धरून पाच-सहा तासांनी वाढतो. आईला ते पाच-सहा तास खटकत नाहीत. तिथे पाय मोकळे करता येतात, चहा गरम मिळतो, आणि मागच्या वेळी कऱ्हाडचं एक जोडपं भेटलं होतं, त्यांच्याशी गप्पा झाल्या. सोळा तास एका जागी बसवून ठेवून वेळ वाचवला म्हणायचं, हे तिला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही आता फारसं पटत नाही.

दोन्हीचे दर काढून तिच्यापुढे ठेवलेत. कालनिर्णय घेऊन बसलीय. आधी संकष्टी बघते, मग सांगते म्हणाली.